मध्यस्थाची तक्रार : ५०२ची कुळकथा

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेब नुकतेच रांगायला लागले होते, तेव्हा सर्व्हरने द्यायच्या उत्तरांसाठी आकड्यांची एक छोटी यादी केली गेली. त्या यादीत ५०२चा अर्थ आजच्यापेक्षा निराळा होता: सर्व्हरवर तात्पुरता ताण आहे. पलीकडच्या यंत्रणेने वेळेत उत्तर दिले नाही, हे सांगायला ५०३ होता. दोन्हींपुढे ‘चर्चा व्हायची आहे’ असा शेरा होता. ती चर्चा झाली असावी, कारण मे १९९६मध्ये एचटीटीपी १.०चा दस्तऐवज, म्हणजे आरएफसी १९४५, निघाला तेव्हा ताणाचे दुखणे ५०३कडे गेले होते आणि ५०२च्या वाट्याला ‘बॅड गेटवे’ आले होते, म्हणजे मधल्या सर्व्हरला पलीकडून धड उत्तर मिळाले नाही. उशिराच्या तक्रारीसाठी ५०४ हा स्वतंत्र आकडा जानेवारी १९९७च्या आरएफसी २०६८मध्ये आला.

तीन आकडी उत्तरांची ही रीत वेबची स्वतःची नव्हे. १९७०च्या दशकात फाइली पाठवणाऱ्या एफटीपीने ती रुळवली होती, ईमेलने उचलली, वेबनेही उचलली. पण उचलताना अर्थ बदलला. एफटीपीत ४ने सुरू होणारे अपयश तात्पुरते असते आणि ५ने सुरू होणारे कायमचे. वेबमध्ये ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे देणाऱ्याची. ५०२ची गोम इथेच आहे. दोष देणाऱ्याच्या बाजूचा खरा, पण बोलतोय तो मधला माणूस, आणि तो बोलतोय तिसऱ्याबद्दल.

मधला माणूस वेबला जन्मापासूनच लागत होता. सुरुवातीला वेबजवळ स्वतःचे असे फारसे काही नव्हते. सर्नची टेलिफोन डिरेक्टरी मेनफ्रेमवर होती, इतर माहिती न्यूजग्रुप आणि वेससारख्या जुन्या यंत्रणांत. वेबचा सर्व्हर त्यांना विचारून आणलेले उत्तर पुढे करायचा. मग कंपन्यांनी फायरवॉल उभारल्या, आतल्यांना बाहेरचे वेब दिसेना, आणि १९९४मध्ये अरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी प्रॉक्सी या मध्यस्थाची रीतसर मांडणी केली. तो प्रॉक्सी वाचकाच्या बाजूचा. त्याची दिशा उलटी करून साइटच्या दारात उभा केला की झाला रिव्हर्स प्रॉक्सी. हार्वेस्ट या संशोधनप्रकल्पातल्या कॅशने आणि त्यातून निघालेल्या स्क्विडने हे काम ‘अ‍ॅक्सिलरेटर’ या नावाने केले. १९९६मध्ये अपाचे या वेब सर्व्हरच्या १.१ आवृत्तीबरोबर मॉड-प्रॉक्सी आले. ऑक्टोबर २००४मध्ये इगोर सिसोयेव्ह यांनी एंजिन-एक्स हा सर्व्हर लोकांसमोर ठेवला आणि पुढे ५०२ घरोघरी पोचला.

साइटच्या दारातली ही मंडळी घडली ती आपल्याच खोलीतल्या, ओळखीच्या सर्व्हरशी बोलण्यासाठी. रिक्वेस्ट बाहेरच्या, परक्या सर्व्हरकडे पाठवायची वेळ आली की जुन्या सवयी नडतात. माझे मत असे, की ५०२मागची बहुतेक कारणे म्हणजे वेबमध्ये नंतर आलेल्या आणि प्रॉक्सीच्या अंगवळणी न पडलेल्या गोष्टी आहेत.

होस्ट हेडर घ्या. एका आयपी पत्त्यावर अनेक साइट्स राहू लागल्या, तेव्हा कोणाकडे जायचे हे सांगणे एचटीटीपी १.१ने सक्तीचे केले. पाकिटावर इमारतीचे नाव आहे पण फ्लॅटचा नंबर नाही, अशी आधी अवस्था होती. प्रॉक्सीच्या प्रचलित नमुन्यांत मात्र एक ओळ हमखास असते: आलेल्या रिक्वेस्टमधले होस्टचे नावच पुढे पाठवा. आपल्या सर्व्हरसाठी ती योग्य. परक्याने ते नाव कधी ऐकलेलेच नसते. मग ५०२सुद्धा येत नाही, ४०४, ४०३ किंवा भलत्याच साइटचे पान येते, आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

हाच प्रश्न एचटीटीपीएसमध्ये आणखी आधीच्या टप्प्यावर उद्भवतो, कारण सर्टिफिकेट दाखवण्याआधीच नाव कळायला हवे. त्यासाठी एसएनआय हा उपाय २००३मध्ये आरएफसी ३५४६ने दिला. एंजिन-एक्स अपस्ट्रीमला, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरला, हे नाव आपणहून कळवत नाही. ‘प्रॉक्सी-एसएसएल-सर्व्हर-नेम’ ही सोय मुळात बंद असते. सीडीएनमागचा परका सर्व्हर मग अनेकदा सुरक्षित जोडणीच्या हस्तांदोलनातच हात मागे घेतो, आणि वाचकाला दिसतो निव्वळ ५०२.

तिसरी सवय नावाच्या पत्त्याची. रिक्वेस्ट कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या प्रॉक्सी-पास या ओळीत साधे नाव लिहिले तर एंजिन-एक्स त्याचा आयपी सुरू होताना एकदाच विचारून घेतो आणि तोच धरून बसतो. घरचा सर्व्हर पत्ता बदलत नाही, क्लाउडमधला बदलतो. सकाळी चाललेले दुपारी बंद पडते, रीलोड केले की पुन्हा चालते, आणि लोक म्हणतात, आपोआप सुधारले! उपाय: रिझॉल्व्हर नेमून नाव व्हेरिएबलमधून द्यायचे.

टाइमआउटबद्दल एवढेच, की उत्तराची वाट पाहायची मुदत ठरवली नसेल तर ती एंजिन-एक्समध्ये ६० सेकंद असते. ती संपली की ५०४ येतो. ही मुदत वाढवून ५०२ जाईल, ही आशा व्यर्थ.

म्हणून ब्राउझरवरचा आकडा बघून कॉन्फिगरेशन बदलत सुटू नका. प्रॉक्सीचा एरर लॉग उघडा. कनेक्शन नाकारले, हस्तांदोलन फसले, हेडर बफरपेक्षा मोठा निघाला, की प्रॉक्सीला बाहेर जायलाच परवानगी मिळाली नाही, हे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. मग प्रॉक्सीच्याच मशीनवरून, आपल्या लॅपटॉपवरून नव्हे, कर्ल या कमांडने पलीकडच्या सर्व्हरला थेट विचारा. कर्ललाही उत्तर मिळाले नाही तर फायरवॉल, डीएनएस किंवा तो सर्व्हरच तपासा. मिळाले, तर होस्ट आणि एसएनआय आधी पाहा, कारण या दोन्ही गोष्टी कर्ल न सांगता पाठवतो.