वेठबिगार आणि रुपेरी पडदा

गुलामगिरी म्हटली की आपल्या मनासमोर बहुधा अमेरिकेतील कापसाचे मळे उभे राहतात. वस्तुतः वेठ, बिगार, वेठबिगार हे शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. आणि ज्या वस्तूस भाषेत इतके घरगुती शब्द असतात, ती परदेशीची म्हणता येत नाही. वेठीचे बळ जितके चाबकात असते, त्याहून अधिक ती 'चालत आलेली रीत' मानली जाण्यात असते. ही रीत अन्यायाची आहे, असे पाहणाऱ्यास प्रथम वाटावे लागते. हे कार्य आपल्याकडे चित्रपटाने कितपत केले आणि त्याची मर्यादा कोठे पडली, याचा थोडा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रारंभ कोल्हापुरापासून करावा लागतो. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा झाला. तथापि सावकार राहिला, कर्जही राहिले. 1925 साली बाबूराव पेंटर यांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक कथांस सरावलेल्या पडद्यावर कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीस जाणारा कुणबी आला. शेतकऱ्यास जो कागद वाचता येत नव्हता, त्याचा परिणाम न वाचता कळावा, असे हे चित्र होते. 1936 साली पेंटरांनी तेच कथानक बोलपटात पुन्हा आणले. कर्जापायी जमीन जाते, आणि मग गहाण टाकावयास माणसाजवळ स्वतःचा देहच उरतो. वेठबिगारीचा उगम बहुशः येथेच आहे.

मराठवाडा 1956 पर्यंत ज्या हैदराबाद राज्याचा भाग होता, त्याच राज्याच्या तेलंगणात ही वेठ 'वेट्टी' या नावाने नांदत होती. जमीनदाराच्या शेतात व घरी विनामोल राबणे हे तेथे कित्येक जातींचे जणू जन्मप्राप्त कर्तव्य होते. तिच्याविरुद्ध 1946 ते 1951 या काळात सशस्त्र लढा झाला. हैदराबादेच्या परिसरात वाढलेल्या श्याम बेनेगल यांनी पुढे या जमीनदारी जगावर 'अंकुर' (1974) आणि 'निशांत' (1975) हे चित्रपट काढले. 'निशांत'ची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'अंकुर'च्या अखेरीस एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड फेकतो. तेवढ्याने व्यवस्था ढळत नाही. परंतु भय प्रथम कोणाच्या मनातून गेले, ते प्रेक्षकास कळते.

'निशांत'चा नायक शाळामास्तर आहे, म्हणून आपणा शिक्षकांस तो अधिक जवळचा. जमीनदाराचे भाऊ त्याच्या पत्नीस पळवून नेतात. तो पोलिसांकडे जातो, कलेक्टरांकडे जातो. कोठेही दाद लागत नाही. शेवटी तो व देवळाचा पुजारी गावास जागे करतात आणि गाव वाड्यावर तुटून पडते. पण त्या उद्रेकात जिच्यासाठी सारे घडले, ती स्त्रीही मारली जाते. अन्यायाचे चित्र मन पेटविते. परंतु पेटलेल्या मनास वाट मिळाली नाही, तर ते सोडवावयास निघालेल्यासच जाळते. हा इशारा चित्रपटाने स्वतःच दिला आहे, आणि आमच्या मते तोच त्याचा सर्वांत मोलाचा भाग होय.

ती वाट कायद्याने व संघटनेने घातली. संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने बिगारीस मनाई केली होतीच. 1975 च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला व 1976 साली वेठबिगार निर्मूलनाचा अधिनियम झाला. त्याने वेठबिगारावरील कर्ज रद्द ठरविले, अंमलबजावणीचा भार जिल्हा दंडाधिकाऱ्यावर टाकला आणि दक्षता समित्यांची तरतूद केली. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीदेखील सक्तमजुरीच, असा निर्णय दिला. फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या वतीने संघटनेने धाडलेले पत्र न्यायालयाने अर्ज म्हणून स्वीकारले आणि खाणी समक्ष पाहून येण्यास वकील नेमले. त्याचा निकाल डिसेंबर 1983 मध्ये लागला. हे सारे चित्रपटामुळे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि न्यायालयासही प्रथम पाहावे लागले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आज मुकादमाकडून उचल घेऊन बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणारी जोडपी आपण दरवर्षी पाहतो. वीटभट्ट्यांवरही उचलीची पद्धत आहे. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. परंतु हिशेब कधी फिटत नसेल, काम सोडून जाण्याची मोकळीक नसेल, तर तिला दुसरे नाव नाही. वर्गातील हजेरीपटावर हंगामात ज्या मुलांची नावे गैरहजर लागतात, त्यांचे शिक्षक ही परीक्षा सर्वांआधी करू शकतात. म्हणून आमची सूचना एवढीच की, 'निशांत'सारखा चित्रपट शाळा-मंडळांतून दाखविला जाईल, त्या दिवशी 1976 च्या अधिनियमाचे सोपे मराठी वाचनही तेथे व्हावे, आणि आपल्या जिल्ह्यातील दक्षता समिती कोठे भरते, हे सभासदांनी विचारून ठेवावे. चित्रपटातील मास्तरास दार ठोठावूनही उत्तर मिळाले नाही. आपल्यासाठी ते दार आज कायद्याने उघडले आहे. तेथवर जाणे मात्र आपल्याच हाती आहे.