हवेतला आळशी सोबती

शेरभर कापूस जड की शेरभर लोखंड, हे कोडे घालून मुलांना चकवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वजन दोहोंचे एकच, फरक जागेचा. ठरावीक जागेत किती वस्तुमान मावते, तीच घनता. वस्तुमानाला आकारमानाने भागावे, हे शाळेत आपण घोकतो आणि विसरतो. पण याच भागाकाराने एकदा शास्त्रज्ञांची झोप उडवली, ती हकीगत मला फार प्रिय आहे.

इंग्लंडात लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजीत होते. रीत सरळ होती: काचेचा गोळा निर्वात करून तोलायचा, वायू भरून पुन्हा तोलायचा. हवेतला प्राणवायू व इतर ज्ञात वायू काढून उरलेला नत्रवायू लिटरला १.२५७ ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नत्रवायू, त्याच तापमानाला व दाबाला, १.२५१ ग्रॅमच! दोनशे भागांत एका भागाचा फरक. दुसऱ्या कोणी तो तराजूच्या माथी मारला असता. रॅले यांनी १८९२ साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून वाचकांनाच कारण विचारले. हलक्या वायूत हायड्रोजन मिसळला असेल काय? त्यांनी तो मुद्दाम मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो निघून गेला. फरक जागच्या जागी!

मग विल्यम रॅमसे पुढे आले. तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नत्रवायू पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी तो शोषून घेतला. थोडा वायू उरलाच, आणि तो अधिक जड होता. वर्णपटात त्याच्या रेषा अनोळखी निघाल्या. हवेत एक नवे मूलद्रव्य दडले होते! १८९४ साली ही वार्ता जाहीर झाली. कशाशीच संयोग न पावणाऱ्या या वायूला ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले: आरगॉन. १९०४ साली रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

गंमत अशी की १७८५ सालीच हेन्री कॅव्हेंडिश यांना हवेत विजेच्या ठिणग्या पाडताना असाच एक हट्टी बुडबुडा उरलेला दिसला होता. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या नोंदीचे मर्म कोणाला उमगले नाही.

वाचकहो, अभ्यंगस्नान आटोपून पहाटेच्या थंडीत आपण जो दीर्घ श्वास घेतो, त्यात शंभरातला सुमारे एक भाग या आळशाचा असतो. तो आला तसाच निघून जातो; आपल्याला पत्ताही लागत नाही.