वंशभेदाचा आरोप आणि चांद्याचे जंगल

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने देशातले काही आदिवासी मुलूख प्रांतिक विधिमंडळांच्या नेहमीच्या अधिकारातून पूर्णपणे किंवा अंशतः वगळले. त्यावरून वंशभेदाच्या आरोप-प्रत्यारोपांना जे तोंड फुटले, त्यात चांदा जिल्ह्याचे जंगल सापडले. मध्य प्रांतातल्या 'अंशतः वगळलेल्या' मुलखांची यादी १९३६ मध्ये निघाली. तिच्यात सिरोंचा तहसिलीतली अहेरी जमीनदारी होती, आणि गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, रांगी, मुरूमगाव, खुटगाव, गिलगाव, पोटेगाव अशा लहान-लहान जमीनदाऱ्या होत्या. प्रांताचा एखादा कायदा या गावांना लागू व्हायचा तर गव्हर्नरने तसे स्वतंत्रपणे जाहीर करावे लागे. हा सारा मुलूख आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा चंद्रपूरपासून, म्हणजे पूर्वीच्या चांद्यापासून, वेगळा झाला.

ब्रिटिश बाजूचे म्हणणे असे, की शहरी सवर्ण हिंदू पुढाऱ्यांना जंगलातल्या माणसाविषयी तिटकारा आहे; सत्ता त्यांच्या हाती गेली तर सावकार, दारूचे ठेकेदार आणि वकील मिळून त्याला गिळून टाकतील. काँग्रेसने हा आरोप उलटवला. खानदेशातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये भरलेल्या अधिवेशनात वगळलेल्या मुलखांविरुद्ध ठराव झाला. भारतीय जनतेचे गट पाडून तिला विभागण्याचा हा आणखी एक डाव आहे, असा त्याचा रोख होता. दोन्ही आरोपांत तथ्य होते. सावकारी पिळवणूक खरी होती, आणि माणसांची वंशवार वाटणी करून राज्य चालवणेही खरे होते. मात्र ज्या गोंड आणि माडिया लोकांच्या नावाने हे चालले होते, त्यांना कोणी विचारले नव्हते.

माणसांच्या या वाटणीची मुळे आणखी मागे जातात. चांद्यावर गोंड राजांनी काही शतके राज्य केले. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी चांद्याला आणली. शहराचा कोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे दरवाजे, राणी हिराईने बीरशहासाठी बांधलेली समाधी ही सगळी त्या राजवटीची कामे. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी शेवटचा राजा नीलकंठशहा याच्याकडून राज्य घेतले, आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांनी बाबूराव शेडमाके यांनी बंड उभारले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कोट-दरवाजे बांधणाऱ्या आणि सरकारशी लढणाऱ्या या लोकांची नोंद पुढच्या दहा वर्षांत सरकारी कागदांत 'मूळच्या रानटी जमाती' अशी होऊ लागली.

या नोंदींची सुरुवात नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या टिपणांपासून धरता येते. ते १८६३ मध्ये वारले. त्यांचे लेख मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. प्रधान या गोंडांच्या भाटांच्या तोंडून ऐकलेली, लिंगो या दैवी पुरुषाची गोंडी कथा त्यात आहे, म्हणून त्या पुस्तकाचे मोल आजही कमी होत नाही. पण त्याच वर्षी जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. गहू, कापूस, इमारती लाकूड मांडले होतेच. प्रांतातल्या वेगवेगळ्या जमातींची जिवंत माणसेही तिथे आणवली गेली. त्यांची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १८६८ मध्ये नागपूरला छापला गेला, आणि त्याच्या मथळ्यातच या माणसांना 'नमुने' म्हटले आहे. धान्याच्या वाणासाठी वापरायचा शब्द माणसासाठी वापरला, आणि तो मथळ्यात तसाच राहू दिला. पुढे 'आदिवासींना संग्रहालयात ठेवायचे आहे' असा आरोप राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी केला, त्याला हा असा आधार होता.

नंतर मोजमापे आली. हर्बर्ट रिस्ली हे १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. येणारा आकडा जितका मोठा तितका माणूस समाजात खालच्या पायरीवर, असा त्यांचा सिद्धांत होता. बंगालमधल्या मोजणीवरून त्यांनी तो मांडला. हा सिद्धांत मोडून काढण्यात दोन मराठी अभ्यासकांचा हात आहे, हे सहसा एकत्र सांगितले जात नाही. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये जात आणि वंश यांवरच्या पुस्तकात दाखवून दिले, की उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातीची उतरंड आणि नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घुर्यांनी दिलेली हीच मापे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात वापरली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा निष्कर्ष काढला. अस्पृश्यता वंशातून आलेली नाही, ती माणसांनी लादली, हा त्यांचा मुद्दा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ तारखेला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. त्या दीक्षेसाठी जमलेल्या माणसांच्या दृष्टीने ही मोजमापे निव्वळ विद्वानांचा खेळ नव्हती. आपण जन्मानेच वेगळे आणि हलके आहोत या समजुतीला तिथे उत्तर मिळत होते.

आदिवासींच्या बाबतीत मात्र बाबासाहेबांची भूमिका इतकी स्पष्ट नव्हती. आदिवासींना सुधारण्यासाठी हिंदूंनी काहीच केले नाही, असा जळजळीत आरोप त्यांनी १९३६ मध्ये 'जातिभेदाचे उच्चाटन' या निबंधात केला. पण मे १९४५ मध्ये मुंबईला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपुढे सत्तेच्या वाटणीची योजना मांडताना आदिवासींना त्यांनी तिच्याबाहेर ठेवले. राजकीय हक्क वापरण्याइतकी समज त्यांना अजून आलेली नाही, असे कारण दिले. जातीवरून होणाऱ्या अन्यायाचा एवढा मोठा शत्रूही जंगलातल्या माणसाकडे वरून पाहत होता, हे नोंदवायलाच हवे.

वादाचा सगळ्यात तिखट भाग १९३९ ते १९४४ या वर्षांतला आहे. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे १९३२ पासून मंडला भागात गोंडांमध्ये राहत होते. बैगा जमातीवरच्या १९३९ च्या ग्रंथात एल्विन यांनी सुचवले, की बैगांसाठी एक राखीव मुलूख असावा आणि बाहेरच्या शोषकांना तिथे मज्जाव असावा. या सूचनेवर गदारोळ झाला. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे उत्तर प्रसिद्ध केले: आदिवासी हा निराळा वंश नाही, ते 'मागासलेले हिंदू' आहेत, त्यांना वेगळे काढणे म्हणजे साम्राज्याच्या सोयीचे राजकारण. आदिवासींमध्ये काम करणाऱ्या ठक्करबाप्पांनीही दोन वर्षे आधी त्याच संस्थेतल्या व्याख्यानात वेगळे ठेवण्याच्या धोरणावर टीका केली होती. एल्विन यांचा प्रत्यारोप असा, की हे सुधारक गोंडांचा नाच, दारू, घोटुल (गावातल्या तरुणांचे सामूहिक घर) आणि मोकळे वागणे यांना लाज वाटण्याजोगे ठरवतात. त्यांना आपल्यात घेताना सगळ्यात खालच्या पायरीवर बसवतात.

घुर्ये यांचे शास्त्र पक्के होते. वंशाने गोंड निराळा नाही, हे त्यांनी बरोबर सांगितले. पण 'मागासलेले हिंदू' हे नाव देताना गोंडाचा पेनठाणा (देवस्थान), त्याची सगा-व्यवस्था (कुळांची रचना), त्याची भाषा यांची किंमत शून्य धरली गेली. त्याला परका म्हणणाऱ्याने त्याचे आपलेपण नाकारले आणि आपला म्हणणाऱ्याने त्याचे वेगळेपण. माणसाचे स्वत्व दोन्हीकडून पुसले जात होते.

त्याच वेळी डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन हे अधिकारी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या आदिवासींच्या चौकशीसाठी फिरत होते. बस्तरच्या माडियांवर त्यांनी आधी पुस्तक लिहिले होते. १९४४ मध्ये नागपूरला छापलेल्या त्यांच्या अहवालात वंशाची चर्चा थोडी आहे. वेठबिगार, कर्ज, हातातून जाणारी जमीन, जमीनदारांचे हक्क आणि जंगल खात्याचे नियम यांची भरपूर आहे. चांद्याच्या जंगलात लोकांचे दुखणे नेमके तेच होते. डोंगरउतारावर झाडोरा तोडून-जाळून केली जाणारी पेंडा शेती बंद पाडली गेली, सागवान राखीव झाले, आणि मोहफुले वेचणारा माणूस जंगल खात्याच्या नाकेदाराच्या मेहेरबानीवर आला. हे करणारा अधिकारी गोरा होता की सावळा, याने त्या माणसाला फरक पडत नव्हता.

१९४६ चा डिसेंबर या इतिहासात महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वंशभेदी वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला होता. विजयालक्ष्मी पंडित यांनी तो लढवला, आणि ८ डिसेंबरला आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. देशाबाहेरच्या वंशभेदावर असा आवाज उठत असतानाच, त्याच महिन्यात दिल्लीच्या संविधान सभेत छोटा नागपूरचे मुंडा प्रतिनिधी जयपाल सिंह बोलायला उभे राहिले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघाचे ते कर्णधार होते. 'जंगली' म्हणवून घ्यायला आपल्याला संकोच नाही, असे त्यांनी सांगितले. बाहेरून आलेल्यांनी आपल्या लोकांना जंगलात ढकलले आणि हजारो वर्षे त्यांची उपेक्षा झाली, असा आरोप सभागृहातल्या सहकाऱ्यांसमोरच केला. तरीही स्वतंत्र भारताच्या आश्वासनावर आपण विश्वास ठेवतो, असेही म्हटले. राज्यकर्त्यांमार्फत किंवा अभ्यासकांमार्फत नव्हे, तर आदिवासीच्याच तोंडून हा आरोप देशाच्या सर्वोच्च सभेत मांडला गेला. वगळलेल्या मुलखांचा विचार करणाऱ्या ठक्करबाप्पांच्या उपसमितीत जयपाल सिंहही होते. तिच्या कामातून पुढे आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराविषयीची संविधानाची पाचवी अनुसूची आकाराला आली. गडचिरोलीचा बराचसा भाग आज तिच्याखाली येतो.

चांद्यापुरते हे बोल पुढे नेले ते पानाबारसच्या लालश्यामशहांनी. पानाबारस ही पूर्वी चांद्याच्याच जमीनदाऱ्यांत मोडणारी, आता छत्तीसगडात असलेली जमीनदारी. १९६२ मध्ये ते चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यातल्या आदिवासींच्या मुलखात वसवायला त्यांचा विरोध होता. त्यासाठी १९६४ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. आलेले निर्वासित बहुतांशी नामशूद्र होते, स्वतःच जातीने दडपलेले आणि घरादारातून उठवलेले. चामोर्शी-मुलचेरा भागात त्यांची गावे आज नांदतात. परका कोण, हा प्रश्न इथे दोन दुबळ्यांमध्ये उभा करण्यात आला, आणि जमीन वाटणारे सरकार बाजूला राहिले. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यातही लालश्यामशहा होते, बाबा आमटे होते. त्या आंदोलनातून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने घोषणा घेतली: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

याच मेंढ्यात घोटुलाचा प्रश्न उभा राहिला. बाहेरच्या पुस्तकांनी घोटुल म्हणजे तरुण-तरुणींच्या स्वैर भेटीची जागा असे चित्र रंगवले होते, आणि त्यामुळे शिकलेली गोंड मुले त्याचे नाव काढायला लाजू लागली होती. गावाने ते पुन्हा उभारायचे ठरवले. सागवानी खांब जंगलातून आणले, म्हणून वन खात्याने ते मोडले. गावाने पुन्हा उभारले. आज तिथे ग्रामसभा भरते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत जंगलवासीयांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. त्या कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावाच्या हाती आला.

वंशाचा प्रश्न यादीतून मात्र परत आला. अनुसूचित जमातींची जुनी यादी चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा या दोन तहसिलींनाच लागू होती. चिमूर, वरोरा किंवा ब्रह्मपुरीचा गोंड कागदावर आदिवासी नव्हता, पण गडचिरोलीत दिलेली त्याची बहीण आदिवासी ठरत होती. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. त्यानंतर माना, गोवारी, हलबा-कोष्टी यांचे अनुसूचित जमातीत गणले जाण्याचे दावे पुढे आले, आणि विदर्भाच्या राजकारणात 'बोगस आदिवासी' हा नवा आरोप रूढ झाला. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. दाव्यांची तड लागायला दशके गेली: हलबा-कोष्टींचा दावा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, माना जमातीचा २००६ मध्ये मान्य केला, गोवारींचा २०२० मध्ये नाकारला.

दावे तपासणाऱ्या समित्यांनी 'आप्तभाव चाचणी' वापरली. अर्जदाराला त्याची बोली, कुळदेव, लग्नाच्या आणि मयताच्या चाली विचारायच्या, आणि उत्तरे जमातीच्या छापील वर्णनाशी ताडून पाहायची. ती वर्णने बहुतेक ब्रिटिश काळातल्या ग्रंथांवरून घेतलेली असतात. शहरात वाढलेल्या गोंड मुलीला गोंडी येत नाही म्हणून ती गोंड नाही, असा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. संविधानापूर्वीच्या काळातली कागदपत्रे असतील तर त्यांना अधिक वजन द्यावे. पण भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांत १९५० च्या आधी शाळा अपवादानेच होत्या, आणि शाळेच्या दाखल्याइतका सहज मिळणारा दुसरा जुना कागद तिथल्या माडिया घरांत क्वचितच असतो.