गेट नसलेले चर्चगेट

वाचकहो, शाळेची सहल घेऊन चर्चगेट स्टेशनवर उतरलो की आमच्या परळ-लालबागच्या मुलांपैकी एखादा हमखास विचारतो, "सर, इथलं गेट कुठं आहे?" प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे चालावे लागते. आपणही चला.

स्टेशनवरून पूर्वेकडे हुतात्मा चौकात या. १८६९ साली उभारलेले फ्लोरा फाउंटन जेथे आहे, त्याच्या आसपास मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. उत्तरेस बाजारगेट व दक्षिणेस अपोलो गेट होते. गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या आरंभी, शहराभोवतीचा तट बांधला गेला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि कंपनी सरकारचे धाबे दणाणले. तटाबाहेर खंदक खणण्याचे ठरले. त्यासाठी येथील व्यापाऱ्यांनीही ३०,००० रुपयांची वर्गणी दिली.

खंदकापलीकडील जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवण्यात आली. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज ही मैदाने तिचेच भाग होत. याच माळावर १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन व मंगल गाडिया या कंपनीच्या दोन हिंदी सैनिकांना तोफेच्या तोंडी दिले गेले. परक्या शत्रूसाठी राखलेल्या जागेत या भूमीचीच माणसे मारली गेली.

पुढे शहर वाढले, तट निरुपयोगी झाला. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअरने तो पाडून खंदक बुजवला. ओव्हलच्या कडेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर व हायकोर्ट उभे राहिले. किल्ल्याचा मूळ गाभा असलेला बॉम्बे कॅसल आज टाउन हॉलमागे नौदलाच्या आवारात आहे. बूनने ज्या कान्होजी आंग्र्यांवर आरमार धाडले, त्यांचेच नाव या नौदल तळाला आहे: आय.एन.एस. आंग्रे!

वाचकहो, दरवाजा गेला, खंदक गेला. मोकळी जमीन तेवढी राहिली. ती कोणी बगीचा म्हणून आखली नव्हती, तरी गजबजलेल्या शहराला आज तीच श्वास देते. तेथे खेळणाऱ्या मुलांना आझाद मैदान ठाऊक असते, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया ठाऊक नसतात. पुढच्या सहलीत गेटची चौकशी झाली, तर ही दोन नावे एकत्र सांगावीत, एवढीच विनंती.