सिल्कच्या साडीवर लिपस्टिक, फाउंडेशनचा डाग पडला तर घरी काय कराल?

लग्नघरात गळाभेट झाली की एकीच्या गालावरचं फाउंडेशन दुसरीच्या पदरावर उतरतं. मग कुणीतरी पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन धावतं आणि डाग जोरजोरात घासला जातो. खरं नुकसान होतं ते इथे. डाग बऱ्याचदा निघतो, पण घासून तंतू निघालेलं रेशीम पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

पाण्याने डाग का निघत नाही?

लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. वॉटरप्रूफ फाउंडेशनमध्ये बहुधा सिलिकॉनची तेलं असतात. यातलं काहीच नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी मारलं की डाग फक्त पसरतो. काजळाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातली काजळी म्हणजे कार्बनचे बारीक कण, ते विरघळतच नाहीत. तेलासकट उचलूनच काढावे लागतात. म्हणून आधी तेल काढायचं, मग रंग.

रेशीम हे आपल्या केसांसारखं प्रथिन आहे. धुण्याचा सोडा आणि कपड्यांचा नेहमीचा साबण त्याला कडक पडतो. डाग काढणाऱ्या एन्झाइमवाल्या पावडरी रक्त, दूध अशा प्रथिनांचे डाग तोडायला बनवलेल्या असतात, त्या रेशमाचाही धागा कमकुवत करतात. ब्लीचचं तर नावच नको.

आधी कापड ओळखा

‘सिल्क’ म्हणून विकलेलं सगळं रेशीम नसतं. पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून स्टीलच्या ताटलीत जपून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी राख उरली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. आजकालच्या बऱ्याच शिफॉन-जॉर्जेट साड्या पॉलिस्टरच्या असतात आणि त्या धुलाई बऱ्यापैकी सोसतात.

सातारा-सांगलीकडे घरोघरी असते ती इरकल. तिचं अंग सुती किंवा सुती-रेशमी असतं, पदर मात्र बहुधा लाल रेशमी. म्हणजे एकाच साडीत दोन स्वभाव. अंगावरचा डाग धुताना लाल पदराचा रंग सुटून खाली उतरू शकतो, म्हणून पदर वेगळा धरूनच काम करा. खणाच्या ब्लाउजला गळ्याशी फाउंडेशन लागतंच, तिथेही हाच धोका. कुठलंही कापड असो, कमरेत खोचायच्या टोकाला ओला पांढरा कपडा दाबून बघा. कपड्यावर रंग उतरला तर घरचा प्रयोग तिथेच थांबवा.

डाग काढताना

कार्यक्रमात असाल तर एवढंच करा: जाड थर चमच्याच्या कडेने अलगद उचला, टिश्यू दाबा, वर टाल्कम पावडर टाका. पावडर तेल शोषते. घरी आल्यावर पुन्हा पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ ब्रशने झटका. ताजा फाउंडेशनचा डाग कधी कधी एवढ्यानेच बराच फिका होतो.

उरलेल्या डागासाठी साडी पालथी करा, डागाखाली पांढरा सुती कपडा ठेवा. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब वाटीभर थंड पाण्यात मिसळा. कापूस त्यात बुडवून, पिळून, मागच्या बाजूने टिपत राहा. रंग खालच्या कपड्यावर उतरेल. तो कपडा सरकवत राहा, नाहीतर तोच रंग परत साडीला लागेल. टिपताना बाहेरून आत या. शेवटी साध्या पाण्याने टिपून लिक्विड काढा आणि सावलीत वाळवा. शुद्ध रेशमावर पाण्याचंही वर्तुळ उठतं, म्हणून ओल्या भागाची कड कोरड्या कपड्याने टिपून पुसट करा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही. उष्णतेने तो पक्का बसतो.

आजीचं रिठ्याचं पाणी रेशमाला मानवतं, पण ते तपकिरी असल्यामुळे पांढऱ्या किंवा मोतिया साडीवर छटा राहू शकते. रीलमधली टूथपेस्ट मात्र विसरा. ती घासणारी पूड आहे. नेलपेंट रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर काही कृत्रिम कापडं त्याने चक्क विरघळतात. लिंबू, व्हिनेगर जरीपासून लांब ठेवा, जर काळी पडते.

मेकअपमध्ये हळद मिसळली असेल तर?

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदी समारंभानंतर साडीवर तिची साक्ष असतेच! हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात लाल होतं. पिवळा डाग अचानक तांबडा दिसला तर घाबरू नका, भरपूर पाण्याने साबण निघाला की तो पुन्हा पिवळ्याकडे वळतो. हळद उन्हात फिकी पडते, पण हा उपाय पांढऱ्या सुती कपड्यांपुरताच. रंगीत रेशीम उन्हात टाकलंत तर साडीचाही रंग उडेल.

ड्रायक्लीनरकडे कधी?

जरीचं भरगच्च काम, मखमल, टिकल्या-मणी, रंग सोडणारं कापड किंवा आठवडाभर जुना डाग असेल तर थेट तिकडेच. ड्रायक्लीनिंगचं द्रावण पाण्याशिवाय तेल विरघळवतं, म्हणून मेकअपच्या डागावर ते चांगलं चालतं. देताना डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घाला. डाग कशाचा आहे, घरी त्यावर काय काय लावून झालंय, हेही सांगा. लपवलंत तर तो चुकीचं द्रावण लावेल.