पाच सीड्या आणि शंभर पानी वही

पोस्टमन सायकल भिंतीला टेकवतो, पिशवीतून पुठ्ठ्याचा जाडसर लखोटा काढतो आणि उलटसुलट करून पाहतो. शिक्का परदेशी आहे.

"कोन हाये बाप्पा तुमचं बाहेरदेशी?"

कुणीच नाही. तरी लखोट्यावर तुमचंच नाव आहे. खाली खामगाव, जिल्हा बुलडाणा. आज शुक्रवार, २७ ऑक्टोबर २००६. भाऊबीज होऊन तीन दिवस झालेत, अंगणात आकाशकंदील अजून लटकतोय आणि रस्त्यावरून जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांतून पांढरे पुंजके उडतायत. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एमएस-सीआयटी झालंय, म्हणजे विंडोज आणि ऑफिस येतं. खिशात मोबाइल नाही. हात दोनदा खिशाकडे गेलाच, पण राहू द्या; सवय आठवडाभरात सुटेल.

लखोट्यात पाच सीड्या निघतात. पुठ्ठ्याची पाकिटं, त्यावर उबुंटू ६.०६, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स. ऑगस्टमध्ये कॅफेत बसून तुम्ही एक अर्ज भरला होता: नाव, पत्ता, सीड्या किती. दहा आठवडे लागू शकतील असं तेव्हाच बजावलं होतं, म्हणून तुम्ही विसरूनही गेलात. कॅनॉनिकल नावाची कंपनी या सीड्या जगभर टपालानं पाठवते, टपालखर्चही तीच करते. कंपनीचा मालक मार्क शटलवर्थ दक्षिण आफ्रिकेचा. २००२ साली स्वतःच्या पैशानं अंतराळात जाऊन आलेला माणूस.

आईला अंतराळाचं काही वाटत नाही. ती पाकीट हातात घेऊन विचारते, "पैसे किती भरले?"

"फुकट आहे."

"फुकट कोन देते? पाय, काही सही-बिही करून नको देऊ."

आईचा संशय रास्त आहे. जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणाही आहे. बाबांच्या कृषी केंद्रात रोज त्याचीच चर्चा चालते, आणि फुकट या शब्दावर या घरात सहजी विश्वास बसत नाही.

एक गोष्ट तुम्हाला आत्ता ठाऊक नाही, मला आहे. काल, २६ तारखेला, याच उबुंटूची पुढची आवृत्ती, ६.१०, बाहेर आली. तुमच्या हातातली सीडी एका दिवसानं जुनी आहे. ही बातमी तुमच्यापर्यंत यायला अजून चार दिवस आहेत.

सकाळचं भारनियमन संपल्यावर तुम्ही घरच्या मशीनमध्ये सीडी घालता. तपकिरी पडदा येतो आणि खाली एक पट्टी हळूहळू सरकू लागते. मग ती सरकायची थांबते. ड्राइव्ह गुरगुरतोय, दिवा लुकलुकतोय, पण अर्धा तास झाला तरी समोर फक्त माउसचा बाण. दोष सीडीचा नाही. मशीनमध्ये १२८ एमबी रॅम आहे आणि या सीडीला २५६ तरी हवी. हे तुम्हाला सांगतो बसस्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला. लिनक्स त्यानंही कधी वापरलेलं नाही, पण ड्राइव्हचा आवाज ऐकून मशीनचा जीव कुठे अडकलाय हे त्याला कळतं.

"कायले डोक्याले ताप करून घेतं? विंडोज टाकून देतो ना नवीन." मग तुमचा चेहरा पाहून तो खणातून रॅमची एक पट्टी काढतो. "हे घे. आठ दिवसानं आणून देजो."

नवशिक्याला मिळालेली पहिली मदत ही. लिनक्सबद्दल एक अक्षर माहीत नसलेल्या माणसाकडून, उसनी.

संध्याकाळी इन्स्टॉल सुरू होतं आणि हार्डडिस्कच्या वाटण्या करायचा पडदा येतो. बाबांचा हिशेब डी ड्राइव्हमध्ये आहे. इथे मात्र डी नाहीच. एचडीए१, एचडीए५ अशी नावं आहेत. एचडीए५ म्हणजे डी, की ई? चुकलं तर बाबांच्या उधारीच्या वह्याच पुसल्या जातील. तुम्ही आकार जुळवून पाहता, कागदावर आकडेमोड करता, आणि शेवटी सगळा हिशेब एका सीडीवर उतरवून घेऊन मगच पुढे जाता. ही अक्कल कुणी शिकवलेली नाही, भीतीनं शिकवली. रात्री अकराला मशीन नव्यानं सुरू होतं तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. दाखवायला कुणी नाही.

आणि मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, पासवर्ड मागतं. तुम्ही टाइप करता, पडद्यावर काही उमटत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत, काहीच नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून तुम्ही वायर काढून पुन्हा लावता. कीबोर्ड ठणठणीत आहे. पासवर्ड किती अक्षरांचा हेही मागे उभ्या माणसाला कळू नये म्हणून ही व्यवस्था. जगातल्या प्रत्येक नवशिक्यानं त्या रिकाम्या जागेकडे असंच टक लावून पाहिलंय.

मोडेम चालत नाही.

तुमचं मोडेम मशीनच्या पोटात बसवलेलं, स्वस्तातलं. त्याचं निम्मं काम विंडोजमधला ड्रायव्हरच करतो, म्हणून लिनक्सवाले त्याला 'विनमोडेम' म्हणतात, आणि म्हणताना थोडं नाक मुरडतात. चालवायचं तर वेगळा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागेल. तो इंटरनेटवर आहे. इंटरनेट या मोडेमशिवाय नाही.

म्हणून वही. शंभर पानी, एकरेघी. मशीन काय म्हणतंय ते तुम्ही अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घेता, वही घेऊन सायकलनं कॅफेत जाता, तिथल्या मशीनवर शोधता, सापडलेल्या आज्ञा वहीच्या उजव्या पानावर लिहिता, आणि घरी येऊन टाइप करता. चूक. पुन्हा कॅफे. रविवारी सकाळी कळतं की तो इंग्रजी एल नव्हता, एकाचा आकडा होता. संध्याकाळी कळतं की मधे एक जागा सोडायची होती. सोमवारी कळतं की मोठी लिपी आणि छोटी लिपी या यंत्राला दोन वेगळ्या वाटतात. एका प्रश्नाची एक फेरी, ताशी वीस रुपये, शिवाय लाइट गेली तर तीही फुकट. आजच्या तुमच्या बोटांना ही गती सोसवणार नाही, मला कल्पना आहे. पण सोमवारचं पान आणि शनिवारचं पान शेजारी ठेवून पाहा. शनिवारी लिहिलंय, 'मोडेम चालत नाही.' सोमवारी लिहिलंय: मोडेमची चिप कोणती, कोणती आज्ञा दिली, उत्तर काय आलं, आधी काय करून पाहिलं. फेरी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही प्रश्न नीट मांडायला लागलात.

मंगळवारी, ३१ तारखेला, एसटीनं शेगाव. अठरा-वीस किलोमीटर. संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे १९८३ पासून आहे, आणि तुमच्या गल्लीतला एक थोरला पोरगा, तुमच्यासाठी भाऊ, शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर असल्यामुळे दिवाळीनंतर लगेच खोलीवर परतलाय. तुम्ही स्टेशनजवळून कचोऱ्या बांधून नेता. मदत मागायला रिकाम्या हातानं जायचं नसतं.

भाऊच्या खोलीत खाटेखाली सीड्यांची चळत आहे. जुन्यातली जुनी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेली. इंटरनेट हा शब्दही गावात पोचला नव्हता त्या काळात, १९९६ पासून, हे मासिक लिनक्सच्या सीड्या वाटत आलंय, आणि त्यामागे मुख्य धडपड अतुल चिटणीस यांची. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावात. १९८९ मध्ये त्यांनी बंगळुरूत सिक्स नावाची फोनवरून जोडायची सेवा काढली होती. लोक मोडेम लावून तिथे प्रश्न टाकत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर वाचत. भाऊ त्यांच्याबद्दल शेजारच्या काकांबद्दल बोलावं तसा बोलतो. भेटलेला नाही कधी.

चळतीवर लिनक्स फॉर यू मासिकाचे अंक आहेत. २००३ च्या फेब्रुवारीत निघालं हे. कुणीतरी वर्गणी भरतो, अंक टपालानं येतो आणि खोली-खोली फिरतो. पानांना कचोरीचं तेल लागलेलं. बातमी इथे अशी येते: महिनाभर उशिरा आणि बारा जणांच्या हातांतून.

भाऊ तुमची वही घेतो. शनिवारचं पान पाहून हसतो, सोमवारचं पान वाचताना हसणं थांबवतो.

"हे बरं लिहलं बे. असं लिहून पुण्यातल्या लिनक्सवाल्यायले मेल केली असती त कोनी ना कोनी उत्तर देल्लं असतं." पुण्यात त्यांचा गट आहे, दर वर्षी सिम्बायोसिसमध्ये ग्नूनिफाय नावाचा मेळा भरतो, भाऊ एकदा रात्रभर एसटीत बसून जाऊन आलाय. "पन तुले उत्तर सांगू का? तुह्या पोटातल्या मोडेमचा नाद सोड. हे घेऊन जा."

खाटेखालून तो एक जुनं मोडेम ओढतो. बाहेरून जोडायचं, पुढे लाल दिवे, मागे सीरियल पोर्टची रुंद पिन. याचं डोकं याच्याचजवळ आहे, ड्रायव्हरची भीक मागत नाही.

मग तो तुम्हाला खरी मदत कुठे आहे ते दाखवतो. ती तुमच्याच मशीनमध्ये होती, चार दिवस. टर्मिनलमध्ये मॅन लिहा आणि पुढे आज्ञेचं नाव, तिची सगळी हकीकत उघडते. ठरावीक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची कागदपत्रं पडलेली आहेत. डीमेसेज लिहा, मशीन सुरू होताना त्याला काय काय सापडलं ते वाचा. भाषा रुक्ष आहे, उदाहरणं शेवटी असतात, कधी नसतातच. माझं विचाराल तर ही पानं नवशिक्यासाठी लिहिलेलीच नाहीत. ज्याला निम्मं येतं त्याला उरलेलं निम्मं आठवावं म्हणून लिहिली आहेत. पण लाइट असेपर्यंत ती फुकट आहेत आणि त्यांना सायकल लागत नाही.

निघताना भाऊ सहज सांगतो, "तुह्यावालं जुनं झालं बरं का. सहा दहा आलं परवा. लॅबमंधी पाह्यलं म्या."

तुमचा चेहरा पडतो. दहा आठवडे वाट पाहिली, आणि हातात काय, शिळं.

"आबे, तोंड काहून पाडतं? तुह्यावर एलटीएस लिहलं हाये, पाय." जूनमध्ये आलेल्या ६.०६ ला तीन वर्षं दुरुस्त्या मिळणार आहेत, नव्याला दीडच. ती ६.०६ सुद्धा एप्रिलमध्ये यायची होती, पक्की करून घ्यायला दीड महिना मागे ढकलली. "ज्याच्या घरी नेट नाई त्यानं नव्याच्या मांगं कायले लागाव? तुले हरेक सहा महिन्यानं पोस्टमनची वाट पाहाची हाये का?"

परतीच्या एसटीत मांडीवर मोडेम आहे. एकाच दिवसात तुम्हाला बातमीही मिळाली आणि ती सोडून द्यायची परवानगीही.

रात्री दहा. पीपीपी-कॉन्फिग नावाची आज्ञा एकेक प्रश्न विचारते, तुम्ही वहीतून उत्तरं देता, मग पॉन लिहून एंटर मारता. दिवे लुकलुकतात, डायलचे सूर, मग तो खरखराट, मग शांतता. स्वयंपाकघरातून आई ओरडते की फोन का लागत नाहीये. लागलाय म्हणूनच लागत नाहीये.

पहिल्यांदा काय उघडावं? तुम्ही रोजचं मराठी दैनिक उघडता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. दैनिकांचे फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे, युनिकोड अजून दूर आहे, आणि काही फॉन्ट तर फक्त इंटरनेट एक्सप्लोररपुरतेच आपोआप उतरतात. रेड हॅटनं २००४ मध्ये लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केलेत, पण दैनिकाचा मजकूरच युनिकोडमध्ये नसेल तर लोहित तरी काय करणार? विंडोजमधला त्या दैनिकाचा फॉन्ट तुम्ही उचलून घरच्या फोल्डरात, टिंबानं सुरू होणाऱ्या 'फॉन्ट्स' नावाच्या लपलेल्या कप्प्यात टाकता. मॅन पानात तसं लिहिलंय. ब्राउझर बंद, पुन्हा चालू. मथळा मराठीत उभा राहतो. कापसाचा भाव, आणखी काय.

शुक्रवारी, ३ नोव्हेंबरला, तुम्ही आणखी एक बातमी वाचता: काल मायक्रोसॉफ्ट आणि नोव्हेल यांनी हातमिळवणी केली. नोव्हेल म्हणजे सुसे लिनक्सवाले. यात चांगलं काय, वाईट काय, तुम्हाला कळत नाही. पण ती एकाच दिवसात खामगावला पोचली. लिनक्स फॉर यू ची वाट न पाहता, भाऊच्या आधी. वाचता वाचता लाइट जाते. परत येते तेव्हा मशीन स्वतःशी पुटपुटत नोंदवही तपासतं आणि काही न गमावता उठतं. बाबा हे पाहतात. बोलत नाहीत, पण पाहतात.

शनिवार. आठ दिवस झाले. रॅमची पट्टी कागदात गुंडाळून तुम्ही बसस्टँडवर जाता. ती काढली की घरचं मशीन पुन्हा रांगायला लागणार, हे माहीत आहे. कॉम्प्युटरवाल्याच्या टेबलावर एक उघडं मशीन पडलंय, समोर स्टुलावर एक बाई रडवेली बसलीय. व्हायरसनं विंडोज उठत नाही, आणि आत मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत.

तुमच्या पिशवीत उरलेल्या चार सीड्या आहेत. दुकानात रॅमची कमी नाही. पाच मिनिटांत तपकिरी पडदा येतो. तुम्ही वही उघडता, सुडो, माउंट, एनटीएफएस, एचडीए१, जागा सोडत, एल आणि एक ओळखत. पासवर्ड इथे मागत नाही, सीडीवरूनच चालतंय ना. फोल्डर उघडतं. हळद, मुहूर्तमेढ, वरमाला. बाई स्टुलावरून उठून पडद्याजवळ येते.

"याच्यावरचं पुसल्या त नाई ना जानार?" कॉम्प्युटरवाला हळूच विचारतो.

"नाही. विंडोजच्या डिस्कवर लिनक्स आत्ता फक्त वाचू शकतं, लिहू शकत नाही. पेनड्राइव्हवर उतरवू."

तो रॅमची पट्टी तुमच्या कागदात पुन्हा गुंडाळतो आणि तुमच्याकडेच सरकवतो. "हे राहू दे तुह्याजवळ. यातली एक सीडी मले दे." मग खणातून एक कोरी वही काढतो, पेनाचं टोपण दातानं उघडतो. "आता पह्यल्यापासून सांग. काय लिहलं तू तिथं?"