बँकेचे दार कोठे असते?

पिंपरी-चिंचवडच्या नागरिकाला रावेत हे नाव बहुधा पाण्यामुळे माहीत असते. पवनेवरील रावेतच्या बंधाऱ्यापाशी पाणी उपसून ते शहराला पुरवले जाते. गाव स्वतः मात्र १९९७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेरच होते. त्या वर्षी ते शहरात आले आणि पुढे पाहता पाहता शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या.

अशा नव्या वस्तीत दोन प्रकारचे खातेदार एकाच जिन्याने ये-जा करतात. एकाने खाते फोनवर उघडले आहे आणि त्याची शाखा कोठे आहे हे त्याला ठाऊक नाही. दुसरा कारखान्यातून निवृत्त झालेला. तो महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायला शाखेत जातो, कारण फोनवरच्या आकड्यापेक्षा छापलेली ओळ त्याला खरी वाटते. पहिल्याला दुसऱ्याचे हेलपाटे कळत नाहीत, दुसऱ्याला पहिल्याचा निर्धास्तपणा. शिक्षकांच्या खोलीतही हे दोन पक्ष असतातच. आमच्यातही आहेत.

हा नव्या-जुन्या पिढीचा वाद आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. पैसा दुसऱ्याच्या हाती असताना तो आपलाच आहे, आणि मागायला आलेला माणूस तोच आहे, याची खात्री कशी करायची?

पेशवाईत पुण्याहून दूरच्या मुलखात रक्कम पाठवायची तर नाणी बैलावर लादून नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी सोयीची असे. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरलेल्या काळाने मिळत ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातीच ते दिले जात. चोराला हुंडी सापडली तरी त्याच्यासाठी उभा राहणारा शहा कोठून येणार? हुंडी हरवली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’.

गणिताच्या शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. दोनशे रुपये लिहून, त्याचे निमे शंभर, त्याची दुप्पट पुरी, असेही लिहीत. कोणी दोनशेचे नऊशे केले, तर निम्म्याशी हिशेब जुळत नसे. माहिती मुद्दाम जास्तीची लिहून खाडाखोड पकडण्याची ही युक्ती आजही वापरात आहे. आधार क्रमांकातील बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरूनच काढलेला असतो. टंकताना एखादा आकडा चुकला, तर संगणकाला ते लगेच कळते.

बँकेच्या शाखेने हेच काम माणसांत वाटून दिले. ज्यांनी १९८० च्या दशकात पैसे काढले आहेत त्यांना पितळी बिल्ला आठवत असेल. स्लिप दिली की नंबराचा बिल्ला हाती येई. मग एक कारकून जाडजूड खातेवही उघडून शिल्लक पाही, नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाहिली जाई, अधिकारी स्लिप मंजूर करी आणि शेवटी रोखपाल जाळीमागून नंबर पुकारी. अर्धा तास जाई. आपण त्याला दिरंगाई म्हणत असू, आणि काही वेळा ती होतीही. पण एका स्लिपवरून तीन-चार जणांची नजर फिरे, हेच त्या पद्धतीचे कुलूप होते.

अशा शाखा सर्वत्र होत्या असे मात्र नाही. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्यात १९३५ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,२०० शाखा होत्या, म्हणजे साधारण ६४ हजार लोकांमागे एक. १९९० पर्यंत शाखा साठ हजारांच्या घरात गेल्या आणि हे प्रमाण १४ हजारांवर आले. ज्या शाखेला आज आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, ती बहुतेक गावांच्या दृष्टीने एकाच पिढीइतकी जुनी आहे.

संगणक आला तेव्हाही वाद झाला. रंगराजन समितीने १९८४ मध्ये यंत्रे आणण्याची शिफारस केली. नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांचा विरोध होता आणि बराच काळ मर्यादित यंत्रेच बसवली गेली. १९९३ च्या करारानंतर वाट मोकळी झाली. ग्राहकांची भीती वेगळी होती: वही दिसत नाही, मग माझे पैसे कोठे लिहिले आहेत? आज ॲपविषयी जे बोलले जाते ते तेव्हा पडद्याविषयी बोलले जात होते.

चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात याला पगाराचीही बाजू आहे. १९३६ च्या वेतन कायद्यानुसार पगार नाण्यांत किंवा नोटांत देणे हाच नियम होता. पुढे कामगाराच्या लेखी संमतीने चेक किंवा खाते चालू लागले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने संमतीची अटही गेली. पगाराच्या पाकिटातून पैसे खात्यात गेले आणि खाते फोनमध्ये. रांग संपली, हे सुख लहान नाही. पाळी बुडवून बँकेत जावे लागलेल्या कोणालाही विचारावे.

मग शाखा असली की पैसा सुरक्षित असतो का? इतिहास तसे म्हणत नाही. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या. दोघींना इमारती होत्या, काउंटर होते. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला, प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली आणि २०२० मध्ये पाच लाख. खुद्द पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. बँकेला दार होते की नव्हते, याने विम्याच्या रकमेत फरक पडत नाही.

उलट बाजूही पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मोठा भाग बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून काढला गेला. १९०६ पासूनची, भरपूर शाखांची ही बँक. चोर एकाही शाखेत शिरले नाहीत. आणि मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेले फोनपे एकाएकी बंद पडले. ॲपच्या मागे कोठेतरी बँक असतेच, हे त्या रात्री अनेकांना प्रथमच कळले असेल.

फोनमध्ये कुलूप असते ते असे. यूपीआय सुरू करताना फोन स्वतःहून एक संदेश पाठवतो आणि त्यावरून खाते त्या सिमशी, त्या फोनशी बांधले जाते. दुसरे कुलूप म्हणजे पिन. ते सांकेतिक रूपात बँकेकडेच जाते. हातातली वस्तू आणि डोक्यातली गोष्ट, दोन्ही लागतात. नमुन्याच्या सहीपेक्षा हे कुलूप मजबूत आहे, असे आमचे मत आहे.

पण हल्लीची फसवणूक बहुधा कुलूप तोडून होत नाही. फोनवरचा माणूस घाबरवतो किंवा लालूच दाखवतो, आणि किल्ली खातेदारच फिरवतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावाच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो. एवढे माहीत नसल्याने किती घरे पोळली आहेत! जाळीमागचा कारकून “एवढी रक्कम एकदम कशाला काढताय, काका?” असे विचारी, तेव्हा राग येई. त्या प्रश्नाची जागा घेणारे काही ॲपमध्ये अजून सापडत नाही. अर्थात त्याच काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या बाईला सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागे, हेही आम्ही विसरलेलो नाही. तिच्या नातीला फोनवर कोणी हिणवत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि पहिल्यांदा प्रत्येकाला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असे जाहीर झाले. मुंबईतील ठेवीदार शाखांच्या दाराशी जमले. दारामागे पैसे नव्हते. तरी एकमेकांना भेटायला, जाब विचारायला, पत्रकारांना बोलवायला ती एक जागा होती. केवळ ॲपच्या बँकेवर अशी वेळ आली, तर रावेतच्या खातेदाराने कोठे जाऊन उभे राहायचे? निवृत्त कामगाराच्या हट्टामागे हा प्रश्न असावा, त्याला तो असा मांडता आला नाही तरी.

वर्गात करण्याजोगे एक काम आहे. मुलांना घरच्या खात्याचा आयएफएससी पाहून यायला सांगावे. खाते क्रमांक नको, फक्त हा संकेत. त्यात अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. पूर्णपणे फोनवर उघडलेल्या खात्यालाही ती शेवटची सहा चिन्हे असतात. ती शाखा कोणत्या गावात, कोणत्या रस्त्यावर आहे ते मुलांनी शोधून काढावे आणि नकाशावर खूण करावी. काहींची खूण रावेतपासून बरीच लांब पडेल.